टाच टेकवायची नाही

"खोटं बोलताय तुम्ही!" डॉक्टर आदेश यांनी एक्स-रेची फिल्म टेबलावर आपटली. समोर डोंगरातल्या आहुपे गावचे धर्माजी दोन्ही हातांनी वॉकर धरून खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांची बायको कुशाबाई पदर सावरत उभी.

डॉक्टर चिडले यात नवल नव्हतं. महिन्याभरापूर्वी धर्माजी हिरड्याच्या झाडावरून पडले आणि उजव्या टाचेचं हाड फुटलं. असली टाच पूर्वी बाजूने मोठी चीर देऊन उघडायचे. मग कित्येकांची जखम चिघळायची आणि महिनोन्महिने भरून यायची नाही. डॉक्टरांनी तसं काही केलं नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढी चार भोकं पाडली, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत हाडाचे तुकडे जागेवर बसवले आणि त्याच भोकांतून स्क्रू घातले. दोन तास मान वर केली नव्हती माणसाने. आणि आज एक्स-रेत बघतात तर मागचा तुकडा वर सरकलेला, स्क्रू सैल. आता पुन्हा ऑपरेशन, आणि या खेपेला मोठी चीर. ती चिघळली तर धर्माजींचं डोंगर चढणं कायमचं संपलं.

"तुम्ही घरी जाताना मी काय सांगितलं होतं?"

"टाच टेकवायची न्हाई. दोन म्हयने."

"मग टेकवली कशाला?"

"न्हाई टेकवली."

"मग हाड काय आपण होऊन फिरायला गेलं?" डॉक्टरांचा आवाज बाहेरच्या बाकड्यांपर्यंत गेला. "जखम बारीक दिसली की तुम्हाला दुखणंही बारीक वाटतं. टाके चारच ना, मग चला शेतावर! वर्षभरातले तुम्ही तिसरे. आधीचे दोघेही असेच शपथा घेत होते."

बाहेरची माणसं दारातून डोकावू लागली. धर्माजींनी मान खाली घातली. कुशाबाई मात्र एक पाऊल पुढे आली.

"डॉक्टर, शपथ मी बी घेते. एकवीस दिस ह्यांच्या टाचंवर माजी नजर व्हती. अंगणात गेलं तरी मी मागं, मोरीत गेलं तरी मी मागं. एकदा टाच जरा खाली आली, तर मी अशी वरडले की शेजारची सारजाबाई पळत आली. आमी अडाणी असू, लबाड न्हाई!"

"पुरे झालं नाटक."

नाटक म्हटल्यावर धर्माजींना राहवलं नाही. उभा जन्म कुणी त्यांना खोटारडा म्हटलं नव्हतं. ते वॉकर पुढे सरकवून ताडकन उठले. "बघा तुमीच," म्हणाले आणि चालायलाच लागले. आधी डावा पाय. मग उजवा. उजव्या पायाचा चवडा त्यांनी घट्ट फरशीवर रोवला आणि सगळा भार त्याच्यावर तोलला. टाच चांगली चार बोटं वर होती.

डॉक्टरांनी तेव्हा कुठे पायाला बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं. बोटांकडची बाजू सारवणाने काळीकुट्ट झाली होती. टाचेकडची बाजू पांढरीशुभ्र होती.

"थांबा! बसा, आधी बसा!" त्यांनी धावत जाऊन धर्माजींना धरलं. "अहो, चवड्यावर भार दिला की पोटरी टाचेच्या हाडाला वर खेचते. पाय जमिनीला लावायचाच नव्हता. अख्खा पाय अधांतरी ठेवायचा होता!"

कुशाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग तिने डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घातले.

"मग टाच कशाला म्हणला? पाय म्हणायचं व्हतं! तुमचा शबूद आमी एकवीस दिस खाली पडू दिला न्हाई."