दुसरी प्रत

रुग्णालयातल्या पडद्यावर अण्णांच्या दोन संगणकी प्रती होत्या, फुप्फुसांपासून स्वभावापर्यंत हुबेहूब. दोन्हींवर वेगवेगळ्या औषधांची सहा महिन्यांची केमो संगणकाने सकाळीच पुरी केली होती. आयुष्य दोन्हींत सारखंच मिळत होतं. ज्यात त्रास कमी, ते औषध खऱ्या अण्णांना द्यायचं होतं.

अण्णांच्या लेकीला, वसुधाला, पोचायला उशीर झाला. तोवर सिस्टरने पहिल्या प्रतीला विचारून घेतलं होतं. "बोटं बधिर झालीत. शर्टाची बटणं लागत नाहीत," असं त्या प्रतीने सांगितलं होतं.

दुसऱ्या प्रतीसमोर वसुधा स्वतः बसली.

"अण्णा, त्रास होतोय का?"

"मला काय धाड भरलीय? तू जेवलीस का?"

वसुधा हसली. तिने दुसऱ्या औषधासाठी सही केली.

तिसऱ्या महिन्यात अण्णांच्या पोटात पाणीही टिकेना. वसुधा गोळ्या घेऊन परतली तेव्हा ते सिस्टरला सांगत होते, "आतून सगळं जळतंय. हे बंद करता येईल का?"

ती आत आली. अण्णांनी घाईने उलटीच्या भांड्यावर टॉवेल टाकला.

"त्रास होतोय, अण्णा?"

"मला काय धाड भरलीय? तू जेवलीस का?"

वसुधाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"जेवले," ती म्हणाली.