ओळीवर बोट

"फ्युएल व्हॉल्व्ह?" मी तपासणीच्या कार्डावरून वाचलं.

"ऑन," माझी लेक ऋजुता म्हणाली, मोबाइलमधून डोकं वर न काढता.

उद्या तिची वैमानिकाची परीक्षा होती, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी परीक्षकांनी तो इंधनाचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करून ठेवला होता. हिला उड्डाणापूर्वीची सगळी यादी तोंडपाठ, त्यामुळे न बघताच "ऑन" म्हणाली आणि तिथेच नापास झाली.

"अगं, माझं स्तोत्र एकोणीस वर्षं पाठ आहे," मी म्हटलं. "तरी रोज पोथी उघडून ओळीवर बोट ठेवते."

"पाठ आहे तर कशाला?"

"नुसतं तोंडाने म्हटलं की मन भाजी आणायला जातं. बोट ठेवलं की घरी राहतं."

"आमचे सर हेच सांगतात. फक्त ओरडून."

पण तिने मोबाइल बाजूला ठेवला. शेगडीचं बटण व्हॉल्व्ह झालं, मिक्सरचं बटण इंजिनाचं. मी वाचायचं, तिने हात लावून, बघून मगच बोलायचं. असं चार वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "आई, आज व्हॉल्व्ह चालूच होता गं. तरी मी हात लावून पाहिला. पास झाले."

मी फोन कानाला धरूनच देवापुढे साखर ठेवली. डोळे भरून आले होते.

"आता तरी उपास सोड," ती म्हणाली.

"आज संकष्टी आहे. तू पास झालीस म्हणून चंद्र काही लवकर उगवायचा नाही, बाळा."