एका ओळीची दुरुस्ती

"सही करा आणि मोकळ्या व्हा," विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी कागद बाईंपुढे सरकवला.

कागदावर एकच ओळ होती. 'या कादंबरीतील संपादकाचे पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे.'

बाईंनी डाव्या हाताने चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला. "ही ओळ खोटी आहे. खोट्याखाली मी सही करत नाही."

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. तीन आठवडे हेच चाललं होतं. माणूस भला, पण वादाला घाबरणारा. शेजारी विद्यापीठाचा तरुण वकील बाईंच्या कादंबरीत खुणेच्या चिठ्ठ्या घालून बसला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तक्रारदार होते. वय ऐंशीच्या पुढे, शर्टाला कडक इस्त्री, हातात काठी. बाईंच्या जुन्या वर्तमानपत्राचे हे माजी संपादक. कचेरीत त्यांना सगळे 'कात्री' म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून एकही बातमी आहे तेवढी बाहेर पडत नसे.

बाईंची बारा वर्षं याच कात्रीखाली गेली होती. आधी बातमीदार म्हणून वणवण, मग कचेरीत बसून दुसऱ्यांच्या बातम्या सुधारणं. त्यानंतर ही एक कादंबरी. तिने नाव मिळवून दिलं, आणि त्या नावावर विद्यापीठातली ही नोकरी मिळाली. वर्तमानपत्र वाचायचं कसं, ते आता बाई पोरांना शिकवत. परवाच त्यांनी वर्गात सांगितलं होतं, "छापलेल्या बातमीला धनी असतो. दाबलेल्या बातमीवर कुणाची सही नसते." फळ्यावरही त्यांनी तेच लिहिलं, डाव्याच हाताने. बाईंचा उजवा हात कायम सुट्टीवर असतो, अशी पोरं थट्टा करत.

कादंबरी साधी होती. शाळेच्या छताला तडे गेल्याची बातमी एक बातमीदार मुलगी आणते. शाळा बांधणाऱ्या कंत्राटदाराचा फोन येतो. संपादक घाबरतो, बातमी दाबतो. आठव्या दिवशी छत कोसळतं.

छत खरंच कोसळलं होतं. बातमी खरंच दाबली गेली होती. संपादक म्हणजे कोण, हे लोकांना वेगळं सांगावं लागलं नाही. अंकाच्या शेवटच्या पानावर संपादक म्हणून रोज एकच नाव छापलं जाई. खापर त्या नावावर फुटलं आणि वीस वर्षं तिथेच राहिलं. बातमीदार मुलगी म्हणजे बाई, हेही लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. मुलाखतीत कुणी विचारलंच, तर बाई म्हणत, "पुस्तकात आहे तेवढंच." लोकांना तो विनय वाटे.

"माझी नात यंदा तुमच्याच विभागात आलीय," कात्रीसाहेब म्हणाले. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "तिला हे पुस्तक अभ्यासाला आहे. महिन्यापूर्वी विचारलं तिने, आजोबा, ही बातमी तुम्ही दाबलीत का? मी नाही म्हटलं. तिने पुस्तक मिटलं आणि आत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. मला माफी नको, भरपाई नको. एवढी एक ओळ हवी."

बाईंना फार वाईट वाटलं. ते त्यांच्या चेहऱ्यावरही दिसलं. पण त्या म्हणाल्या, "ती ओळ मिळणार नाही."

"अहो बाई, थोडं पडतं घ्या की," विभागप्रमुख कळवळून म्हणाले. "सही नसेल तर पुस्तक अभ्यासातून जाईल. आणि तुम्हालाही ठेवता येणार नाही, वरून तसं स्पष्ट सांगितलंय."

"राजीनामा पिशवीतच आहे. पण त्या माणसाला मी काल्पनिक म्हणणार नाही. त्याला इतक्या स्वस्तात सोडायचं नाही."

वकिलाला हेच हवं होतं. त्याने एक चिठ्ठी धरून पान उघडलं. "पान एकशे बारा. फोन ठेवून संपादक घाईने बातमी खिळ्याला टोचतो आणि खिळा त्याच्या तळहातात आरपार जातो."

"खिळा कसला?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"लाकडी ठोकळ्यात उभा खिळा असायचा," कात्रीसाहेब म्हणाले. "नको ती बातमी त्यात टोचून ठेवायची. माझ्याही टेबलावर होता."

वकील बाईंकडे वळला. "या पात्रातलं एक अक्षरही काल्पनिक नाही, असं तुम्ही लेखी कळवलंय. हाताचं हेसुद्धा?"

"हाताचं हेसुद्धा."

"मग साहेब, जरा हात दाखवा."

कात्रीसाहेबांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे टेबलावर उघडे केले. सुरकुत्या होत्या, बाकी काही नव्हतं.

"मिटला प्रश्न. म्हणजे पात्र काल्पनिकच," वकील म्हणाला. विभागप्रमुखांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन बाईंच्या डाव्या हातात दिलं.

"मी त्या आठवड्यात गावातच नव्हतो हो," कात्रीसाहेब म्हणाले. "बहीण आजारी होती. मी नसलो की बातम्या सुधारणाऱ्यांपैकी कुणीतरी माझ्या खुर्चीत बसायचं, आळीपाळीने. त्या दिवशी कोण होतं, देव जाणे."

"तुम्ही नव्हतात, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्या बैठकीत पहिल्यांदाच त्यांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमची नात बाहेर बाकावर बसलीय. तिला आत बोलवा."

मुलगी आली आणि आजोबांच्या खुर्चीमागे उभी राहिली. बाईंनी पेन कागदावर आडवं ठेवलं. मग मांडीवर मिटून ठेवलेली उजवी मूठ त्यांनी उचलली, टेबलावर मुलीसमोर ठेवली आणि उघडली.

तळहाताच्या मधोमध खिळ्याच्या जाडीचा गोल वण होता.