विंडवर्डची धर्मआई

"ओडिल! स्वच्छ फ्रॉक घाल आणि ये लवकर. बस सुटेल," आयोनीनं धक्क्यावरून हाक मारली.

तुफानाचा मोसम काढायला खाडीत थांबलेल्या परदेशी बोटवाल्यांचे कपडे आयोनीच धुते. त्यामुळे कुणाकडे काय आहे, ते तिला तोंडपाठ. ओडिलकडे एकच फ्रॉक होता, निळा. अकरा वर्षं एकटीनं समुद्र पालथा घालणाऱ्या बाईला दुसरा लागतो कशाला?

"जायचंय कुठे?" ओडिलनं होडी वल्हवत येऊन विचारलं.

"विंडवर्डला. माझ्या भावाचं गलबत आज पाण्यात जातंय. बघ, जेव, परत ये."

खरी गोष्ट आयोनीनं बसमध्येही पोटातच ठेवली. वादळ दोन दिवसांवर आलं होतं, हे सगळ्यांनी सकाळीच रेडिओवर ऐकलं होतं. भावाचं, ऑल्विनचं, तीन वर्षांचं काम वाळूवर, टेकूंच्या आधारानं उभं होतं. ते आजच्या भरतीला पाण्यात गेलं आणि अंधाराआधी कांदळवनात लपलं, तर वाचणार होतं. नाहीतर सरपण. पण गलबताच्या नावाचा झेंडा उलगडणाऱ्या धर्मआईशिवाय टेकू तोडायचे नाहीत, हा रिवाज. ठरलेली धर्मआई शेजारच्या बेटावर, ग्रेनाडाला अडकली होती, कारण फेरी कालपासून बंद. घरच्या बाईला तो मान घेता येत नाही, आणि विंडवर्डमध्ये नात्याबाहेरची बाई शोधणार कुठे? तिथं शेळ्यासुद्धा एकमेकींच्या आत्या लागतात.

किनाऱ्यावर ढोल वाजत होते. मोठाल्या पातेल्यांत मक्याच्या पिठाचं कुकू रटरटत होतं. फादरनी पाणी शिंपडलं, त्यांच्या मागोमाग ऑल्विननं गलबताच्या नाकावर रम शिंपडली. मग त्यानं गुंडाळलेला झेंडा आणून ओडिलच्या हातात दिला.

"हे मला कशाला?"

"तू धर्मआई आहेस," आयोनी म्हणाली. "सांगायचं राहिलं."

"राहिलं?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

ओडिलनं तिच्याकडे असं पाहिलं की आयोनीनं नजर पातेल्याकडे वळवली. तेवढ्यात टायटसमामा कुऱ्हाड घेऊन पुढे आला. ऐंशी वर्षांचा हा सुतार. त्याच्या शब्दाशिवाय या किनाऱ्यावर एक टेकू तुटत नाही.

"बाई, ही एकदा पाण्यात गेली की कुठे अडकेल, काही सांगता येत नाही," तो गलबत थोपटत म्हणाला. "ती परतेपर्यंत वाट बघायची, हे धर्मआईचं काम. बघशील?"

हो म्हण, हो म्हण, आयोनी मनात घोकत होती.

"मी खोटं बोलणार नाही," ओडिल म्हणाली. "डिसेंबरात मी इथून जाईन. आणि वाट बघणं मला येत नाही. मी कधी कुणाची बघितली नाही, माझी कुणी बघितली नाही."

मामानं कुऱ्हाड खाली टेकवली. ढोल थांबले. ऑल्विन पाण्याकडे बघत राहिला. भरती आता कुठल्याही क्षणी फिरणार होती.

आयोनीचं डोकं फिरलं. भावाच्या गलबतासाठी फिरलं असतं तर तिनं आवरलं असतं, पण हे वेगळंच काहीतरी होतं.

"कुणी बघितली नाही? जूनमध्ये दोन दिवसांत येते म्हणून गेलीस आणि नवव्या दिवशी उगवलीस. सात दिवस मी धक्क्यावर कपडे वाळत घातले. घरामागे माझी दोरी आहे ना चांगली? मग रस्त्याची धूळ खात धक्क्यावर कशाला गेले मी? तिथून खाडीचं तोंड दिसतं म्हणून! चादरी करपल्या माझ्या उन्हानं."

कुणीतरी हसलं. ओडिल हसली नाही. तिनं झेंडा छातीशी धरला.

"दुसऱ्या बंदरातून बघितली तर चालते का?" तिनं मामाला विचारलं.

मामानं एकदा ऑल्विनकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "वाट कुठूनही बघता येते," असं म्हणून त्यानं पहिला घाव घातला.

मग सगळं एकदमच सुरू झालं. टेकू तुटत गेले आणि गलबत कण्हत एका कुशीवर आलं, थेट खाली अंथरलेल्या ओंडक्यांवर. अख्खं गाव दोराला लागलं. एकानं गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्यांनी दोर ओढताना ती उचलायची. ओडिल गाण्याआधीच एकटी ओढायची आणि मागची बाई ओरडायची, "अगं, आमच्यासाठी थांब जरा!" चौथ्या ओढीला तिचा मेळ बसला. सहाव्या ओढीला गलबत सुटलं ते कुणाला न जुमानता पाण्यात शिरलं, डुललं आणि सरळ झालं. आयोनी कंबरभर पाण्यात उभी राहून रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. ओडिलनं झेंडा उलगडला. त्यावर ऑल्विनच्या आणि आयोनीच्या आईचं नाव होतं, एलमिना.

वेळ दवडून चालणार नव्हतं. ऑल्विननं वर चढून झेंडा बांधला, दोर टाकला आणि मासेमारीच्या दोन बोटी एलमिनाला ओढत बेटाला वळसा घालायला निघाल्या. गाव जेवणावर तुटून पडलं. आयोनीनं दोन ताटं वाढून घेतली आणि पाहिलं तर ओडिल पाण्याच्या कडेलाच. ओला फ्रॉक पायांना चिकटलेला, हात कपाळावर.

"चल, कुकू गार होतंय."

"थांब. अजून दिसतेय."

आयोनी ताटं घेऊन शेजारी उभी राहिली. गलबत बेटाच्या टोकाशी पोचलं. एका लाटेमागे गेलं, वर आलं. पुन्हा गेलं आणि बराच वेळ वर आलं नाही. ओडिलनं आयोनीचं मनगट घट्ट धरलं. एका ताटातलं कालवण वाळूत सांडलं. मग झेंडा दिसला आणि टोकापलीकडे वळला.

ओडिलनं मनगट सोडलं.

"नऊ दिवस?" ती म्हणाली. "हे असं, नऊ दिवस?"

"सात," आयोनी म्हणाली. "पहिले दोन तू सांगून गेली होतीस."