पाचवी सवाष्ण

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या एका पायाला पाण्याने भरलेली कळशी बांधली आहे. चालायचे ते तिला ओढत, झोपायचे ते तिला घेऊन, आणि दोर कधी सोडायचाच नाही. आणले मनात? आता डोळे उघडा आणि माझ्याबरोबर विमलच्या पडवीत या.

सन छप्पन्नचा श्रावण. मिरजोळ्याच्या त्या घरी आज पाच सवाष्णी जेवायच्या होत्या. सवाष्ण म्हणजे नवरा हयात असलेली, कपाळी कुंकू लावणारी बाई. विमलचा पाळण्यातला धाकटा भाऊ मोठ्या तापातून उठला होता, त्याचा हा नवस. पाचातल्या एकीला ऐन वेळी अडचण आली. तेव्हा विमलची आई काशी म्हणाली, "पळ गो. कपाळावर कुंकू दिसंल तिला घेऊन ये."

नऊ वर्षांच्या विमलने कपाळच बघितले. वाडीच्या टोकाला मथुराकाकू नेहमीसारखी उंबऱ्यात बसली होती. हातात सूप, पायांवर गोणपाट. कपाळावर हे एवढे कुंकू.

"तुज्या आयशीनं मला बोलावलंय? मला?"

विमलने मान डोलावली.

"मग तू हो फुडं. मी आलेच."

ती आली बऱ्याच वेळाने. तोवर चौघींचे पाय धुऊन झाले होते. काशी प्रत्येकीचा पाय पितळी ताटात घेई, दोन्ही हातांनी चोळून धुई, आपल्याच पदराने टिपी आणि मग हळदकुंकू लावी. बायकांची थट्टामस्करी चालली होती.

मथुराकाकूने खांब धरला, लुगड्याचा काठ वर घेतला आणि डावा पाय उचलून ताटात ठेवला.

तो ताटात मावला नाही. गुडघ्याखाली पोटरी म्हणून नव्हतीच. तिथून जे फुगत गेले होते ते घोटा गिळून थेट जमिनीपर्यंत आले होते. कातडी फणसाच्या सालीसारखी. त्यात बोटे कुठेतरी खोल रुतलेली. गोणपाटाखाली हे असेल, असे विमलच्या कधी मनातही आले नव्हते. तिने नकळत आपले दोन्ही पाय परकराखाली ओढून घेतले.

"अगो बाय!" चौघींतली गंगुबाई पाटावरून अर्धी उठली. "काशी, हत्तीपाय हाय तो, हात लावू नको हां! पाळण्यात पोर हाय तुजं!"

"हिला कुणी बोलावलं?" काशीने विचारले. मथुराकाकूला नाही, विमलला.

मथुराकाकू एकदा काशीकडे, एकदा पोरीकडे बघत राहिली. "पोर म्हणाली…" ती थांबली. मग घाईघाईने म्हणाली, "मी धुऊन आले गो काशी. तीनदा धुतलाय, साबण लावून. म्हणून तर येळ झाला."

खरेच, पडवीभर साबणाचा वास येत होता.

काशीने पाळण्याकडे पाहिले. मग मांडलेल्या पाच पाटांकडे. "आली हायेस तर ऱ्हा," ती म्हणाली. "नवसाला पाच लागतात. तुजं पान मागल्या दारी वाढते."

मग तिने उभ्यानेच, हात लांब करून तांब्या रिता केला. पाणी पायावर कमी पडले, जमिनीवर जास्त. कुंकवाचा करंडा तिने खाली ठेवून बोटाने पुढे सरकवला. "तुजं तूच लाव."

विमल आईकडे बघतच राहिली. पाय बघूनही ती इतकी हादरली नव्हती. कालच आईने वासराच्या खुरातले किडे स्वतःच्या बोटांनी वेचून काढले होते. वासराला "उगी, उगी" म्हणत होती.

मथुराकाकूने करंड्याला हात लावला नाही.

"कुंकू नको," ती हळूच म्हणाली. "फडक्यानं तेवढा पुसा कुणीतरी. बोटांत पाणी ऱ्हायलं ना, की हुडहुडी भरते मला. आठ-आठ दिस उठता येत नाय. वाकले तरी माजा हात पोचत नाय गो तितवर, घरी काठीला फडका बांधून पुसते."

चौघी सवाष्णी आपापल्या पाटावर बसून होत्या. पुसलेल्या, कुंकू लावलेल्या पायांनी. कुणी हलले नाही. काशीचा पदर तिच्या खांद्यावरच राहिला. मथुराकाकूने ताटातून पाय काढला आणि ओल्या पायानेच ती दाराकडे वळू लागली.

"काकू, थांब," विमल म्हणाली.

"विमल, मागं हो!" काशी ओरडली.

विमल खाली बसली. भीती काही गेली नव्हती. त्या कातडीकडे तिला नीट बघवतही नव्हते. तिने परकराचे टोक करंगळीला गुंडाळले आणि पहिल्या दोन बोटांमधल्या फटीत घातले. मोठ्या माणसाचे बोट तिथे गेलेच नसते. तिचे गेले. एक फट कोरडी झाली, तशी तिने परकराची दुसरी, सुकी बाजू धरली आणि ती पुढच्या फटीकडे सरकली.