चष्म्याची दोरी

"चीऽऽ!"

रंगमंचामागच्या अरुंद खोलीत सुनेची क्लॅरिनेट पुन्हा चिरकली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी कानातले कापसाचे बोळे आणखी आत दाबले. उपयोग शून्य. त्या आवाजापुढे कापूस काय करणार, बिचारा!

बँडमास्तरांनी दारातून डोकं आत घातलं. "ताई, शेवटचं सांगतो. पडदा उघडायच्या आत तो तुकडा एकदा तरी धड ऐकवा. नाहीतर तुमचा एकटीने वाजवायचा भाग बासरीवाली घेईल. तिची तयारी आहे."

तयारी कसली, टपून बसली होती ती! सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळिशी उलटल्यावर शिकायला लागलेली ही पोरगी आज पहिल्यांदा एकटी वाजवणार होती, आणि ते असं कुणी येऊन उचलून न्यायचं? घरी त्या वाद्याला त्या स्वतः 'बदक' म्हणायच्या, ते वेगळं. घरातलं घरात.

सून खुर्चीवर टेकली. फुंकायच्या टोकाची वेताची पत्ती काढून तिने नवी बसवली आणि तुकडा वाजवला. सूर असा गोल, गुळगुळीत आला की सासूबाई चकित झाल्या.

"सापडलं! पत्तीच खराब होती," म्हणत सून उठली आणि उभ्याने तोच तुकडा वाजवायला लागली.

"चीऽऽ!"

सुनेचे डोळे भरून आले. "जाऊ दे, आई. बासरीवालीलाच देते. माझ्या ओठांतच काही दम नाही."

"ओठांना कशाला दोष देतेस?" सासूबाई म्हणाल्या. "बसलीस की तुझं बदक गप्प असतं. उठलीस की ओरडतं. घरीसुद्धा तसंच. तू पलंगावर बसून वाजवतेस तेव्हा मी कापूस काढते, खिडकीशी उभी राहिलीस की घालते. रोजचं आहे ते."

सून बघतच राहिली. "अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलंस कधी?"

"म्हणूनच दुरुस्तीवाल्याला काही दोष सापडला नाही. त्यानेही बसूनच वाजवून बघितली होती," सून पुटपुटली. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली, आणि या वेळी वाजवायचं सोडून नुसता उजवा हात न्याहाळत राहिली. बसल्यावर वाद्याचं खालचं तोंड गुडघ्यांवर टेकत होतं. उभी राहिल्यावर सगळा भार उजव्या अंगठ्यावर येई, पंजा आवळला जाई, आणि तर्जनीच्या मुळाने कडेची, भोक उघडणारी एक बारीकशी चावी नकळत दाबली जाऊन सूर चिरके. घोडं तिथे अडलं होतं!

"पण आई, तो भाग उभ्यानेच वाजवायचाय."

"मग भार दुसऱ्या कशावर तरी टाक."

सासूबाईंनी गळ्यातला चष्मा काढला. चष्मा सारखा हरवतो म्हणून त्याला त्यांनी स्वतः जाड गोफ विणून लावला होता. तो सोडून त्यांनी सुनेच्या हातात दिला. सुनेने त्याची टोकं अंगठ्याजवळच्या कडीत घट्ट बांधली आणि गोफ मानेत अडकवला. अंगठा मोकळा झाला, पंजा सैल पडला.

"पण तुम्ही चष्मा विसराल ना कुठेतरी."

"हातात धरून बसते. मला इथे ऐकायला आणलंयस की चष्मा सांभाळायला? वाजव!"

तिने वाजवलं. उभ्याने. एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा, नुसती हौस म्हणून. बँडमास्तरांचं डोकं दारात आलं, तुकडा संपेपर्यंत तिथेच राहिलं आणि हसत परत गेलं.

तासाभराने सून दिव्यांच्या उजेडात उभी राहिली, गळ्यात सासूबाईंचा निळा गोफ. सूर वर चढत गेला, त्या अडचणीच्या जागेवरून सहज पलीकडे गेला आणि अख्ख्या सभागृहात भरून राहिला. पहिल्या रांगेत सासूबाई एका हातात चष्मा आणि दुसऱ्या मुठीत कानातून काढलेले बोळे धरून ऐकत होत्या. शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बासरीवालीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

"काय वाजवलं हो!" शेजारच्या खुर्चीवरचे अनोळखी गृहस्थ म्हणाले.

"आमची सून," सासूबाई म्हणाल्या. "घरी मी रोज ऐकते."

आणि मुठीतले कापसाचे दोन बोळे त्यांनी हळूच खुर्चीखाली सोडून दिले.