होडीच्या गाठी

पनवेलच्या कोळीवाड्यात पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून दोरांनी आवळतात आणि नारळाच्या झापांनी शाकारतात. मैनाचा नवरा गणू मात्र २००५च्या पुरापासून होडी न बांधता उघडी ठेवून रोज साचलेलं पाणी उपसायचा. लोकांच्या मते होडी आता सडणार होती. गणूचं डोकं आधीच सडलं होतं. "गणूदादा, वरात कुठं निघाली?" शेजारच्या कुंदनने चिडवलं. "पुरात माझ्या गाठी सुटल्या नाय," गणू म्हणाला. "सोडवीपर्यंत छपरावर अडकलेली पलीकडच्या आळीतल्या दाऊदची आई वाहून गेली." कुंदन ओशाळून निघून गेला. मैनाला राहवेना. त्या साली पावसाळ्याच्या तोंडाला नवरा तापाने फणफणला होता. होडी तिनेच बांधली होती. चार पावसाळे गिळलेलं आज बोलली, "अवो, त्या गाठी माझ्या होत्या." गणूने डबाभर पाणी बाहेर फेकलं. "तुझी गाठ मी वळखत नाय का? गावाला माझी म्हणून सांगितलीय. आता ती माझीच हाय."